मांडीवरची गिटार: ताउ मोए यांचे आयुष्य आणि वादन

हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यसंगीताच्या जुन्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना एक आवाज नक्की आठवत असेल. गाण्याचे शब्द नसतात, पण स्वर असा घसरत, वळत आणि थरथरत जातो की कुणीतरी आकार लावून गात आहे असे वाटावे. वादकाचे नाव कधी व्हॅन शिप्ली असे, कधी सुनील गांगुली, आणि वाद्याचे नाव बहुतेक वेळा नुसते ‘गिटार’ किंवा ‘हवाईयन गिटार’ असे सांगितले जाई. हे वाद्य प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घडले, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर पसरले आणि कोलकात्यात आल्यावर इथल्या रागसंगीतातही शिरले. या प्रवासात ज्या वादकांचा हात आहे, त्यांतले सर्वांत महत्त्वाचे नाव, माझ्या मते, ताउ मोए यांचे आहे. १९०८ मध्ये सामोआ बेटांवर जन्मलेल्या या वादकाने आयुष्याची सुमारे पन्नास वर्षे कुटुंबासह देशोदेशी फिरण्यात घालवली, १९४० च्या दशकातली काही वर्षे तो कोलकात्यात राहिला, आणि म्हातारपणी हवाईला परतला तेव्हा तिथे जवळजवळ नाहीशी झालेली जुनी वादनशैली त्याच्या बोटांत शाबूत होती.

त्यांच्यावर कोणाकोणाचे संस्कार झाले आणि त्यांनी पुढे कोणाला काय दिले, हे कळायचे तर आधी हे वाद्य वाजते कसे ते नीट समजून घ्यावे लागते, कारण स्टील गिटारचा सगळा स्वभाव तिच्या रचनेतून आलेला आहे.

साधी गिटार छातीशी धरून वाजवतात. डाव्या हाताच्या बोटाने तार दांडीवरच्या पडद्यावर दाबली की तारेची कंप पावणारी लांबी ठरते आणि त्या पडद्याचा स्वर मिळतो. पडदे जागच्या जागी बसवलेले असल्यामुळे स्वरही ठरावीकच मिळतात. तार आडवी ओढून थोडी मींड काढता येते, पण तिला मर्यादा असते. स्टील गिटारमध्ये हीच गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि तिच्या मानेशी असलेली पट्टी उंच करून तारा दांडीपासून वर उचलतात, इतक्या वर की त्या पडद्यांना टेकूच नयेत. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत, जड कांडी असते. ती तारांवर हलकेच टेकवून सरकवायची, तार खाली दाबायची नाही. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. दांडीवरचे पडदे आता स्वर देत नाहीत. कांडी कुठे न्यायची याची खूण म्हणून ते डोळ्यांना उपयोगी पडतात. दोन पडद्यांच्या मधली सगळी जागा वादकाला मोकळी होते आणि सूर बरोबर लागण्याची सगळी जबाबदारी त्याच्या कानावर येऊन पडते.

विचित्र वीणा किंवा दक्षिणेतले गोट्टुवाद्य ऐकलेल्या वाचकाला हे तत्त्व ओळखीचे वाटेल. तिथेही तारेवरून गुळगुळीत वस्तू सरकवूनच स्वर काढतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला तंजावूरच्या परिसरात सखाराम राव आणि त्यांचे वडील श्रीनिवास राव यांनी गोट्टुवाद्याला मैफिलीत स्थान मिळवून दिले, ते जवळपास त्याच काळात, जेव्हा हवाईमध्ये पोरे गिटारवर कांडी फिरवून पाहत होती.

हवाईयन वादकांपुढे मात्र एक अडचण अशी होती, जी वीणावादकाला नसते. त्यांचे संगीत हार्मनीचे होते. एका वेळी तीन-चार स्वर एकत्र वाजवून गाण्याला आधार देण्याचे. सरळ धरलेली कांडी सर्व तारांवर एकाच पडद्याच्या रेषेत टेकते, त्यामुळे बोटांनी जसे वेगवेगळ्या तारांवर वेगवेगळे स्वर दाबता येतात तसे इथे येत नाहीत. यावर उपाय म्हणून खुल्या ताराच अशा जुळवल्या गेल्या की त्या नुसत्या छेडल्या तरी मेजर कॉर्ड, म्हणजे सा, ग, प हे स्वर एकत्र, वाजावा. त्या काळात प्रचलित असलेली एक जुळणी आपल्या भाषेत सांगायची तर जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत प, सा, प, सा, ग, प अशी होती. आता कांडी पाचव्या पडद्यावर नेली की सगळा कॉर्ड मध्यमावर जातो, सातव्यावर नेली की पंचमावर, आणि बाराव्यावर पुन्हा तार सप्तकातला षड्ज मिळतो. हवाईच्या असंख्य गाण्यांना हेच तीन कॉर्ड पुरतात. म्हणजे कांडीच्या तीन मुख्य जागा आणि त्यांच्यामधला सरकता प्रवास एवढ्यावर गाणे उभे राहते. कोमल गंधाराचा मायनर कॉर्ड हवा असेल तर दोनच नेमक्या तारा छेडून त्याचा भास निर्माण करायचा, किंवा कांडी तिरकी धरून दोन तारांवर वेगवेगळे पडदे साधायचे. तिरक्या कांडीने सूर अचूक लावणे ही या वाद्यातली सर्वांत कठीण गोष्टींपैकी एक आहे, आणि चांगला वादक तिथेच ओळखू येतो.

आणखी दोन तपशील सांगण्यासारखे आहेत. कांडी सरकते तेव्हा तिच्या मागे राहिलेला तारेचा तुकडाही कंप पावून नकोसा आवाज करतो. तो थांबवण्यासाठी डाव्या हाताची उरलेली बोटे कांडीच्या मागोमाग तारांवर अलगद टेकवलेली असतात. ऐकणाऱ्याला ही गोष्ट जाणवत नाही, पण ती नसेल तर मात्र लगेच जाणवते. दुसरा तपशील हवाईयन वादकांच्या आवडत्या घंटेसारख्या नादाचा. कांडीपासून बरोबर बारा पडदे पुढे उजव्या तळहाताची कड तारेला क्षणभर टेकवून त्याच क्षणी तार छेडली, तर मूळ स्वर दबतो आणि त्याच्या वरच्या सप्तकातला स्वर स्वच्छ उमटतो. कांडी सरकवत हे करत राहणे म्हणजे दोन्ही हातांमधले बारा पडद्यांचे अंतर सतत अचूक राखणे. ताउ मोए यांच्या पिढीच्या वादकांना हे सहज जमे.

आता हे वाद्य हवाईमध्येच का घडले याकडे वळू. १८२० मध्ये बोस्टनहून ख्रिस्ती मिशनरी हवाईला पोहोचले आणि त्यांनी चार आवाजांत गायची स्तोत्रे आणली. हवाईच्या लोकांची मूळ गायनपद्धती मोजक्या स्वरांतल्या मंत्रपठणासारखी होती. त्यावर या स्तोत्रांच्या हार्मनीचे कलम झाले. १८३० च्या दशकात राजाच्या बोलावण्यावरून मेक्सिकन गुराखी बेटांवर आले, कारण मोकाट वाढलेल्या गुरांना आवर घालणारे कोणी नव्हते. त्यांच्यासोबत गिटार आली. स्थानिकांनी तिच्या तारा आपल्या गळ्याला सोयीच्या पडतील अशा सैल करून घेतल्या, आणि त्यातून खुल्या जुळणींची परंपरा सुरू झाली. स्टील गिटारला लागणारी जमीन अशी आधीच तयार होती. १८७९ मध्ये उसाच्या मळ्यांवर काम करायला आलेल्या पोर्तुगीज मजुरांबरोबर एक छोटे चार तारांचे वाद्य आले आणि त्यातून उकुलेले घडले. याच काळात राजा कालाकाउआ याने मिशनऱ्यांनी दाबून टाकलेल्या हुला नृत्याला दरबारात पुन्हा मान दिला आणि जुन्या पठणाबरोबर गिटार, उकुलेले वाजू लागली.

कांडीचा शोध सामान्यतः जोसेफ केकुकू या मुलाच्या नावावर मांडला जातो. त्याचा जन्म १८७४ मध्ये ओआहू बेटावरच्या लाइए या गावी झाला. रेल्वेच्या रुळांवरून चालताना सापडलेला बोल्ट त्याने गिटारच्या तारांवर घासून पाहिला, अशी गोष्ट सांगितली जाते. कुणी कंगव्याचे सांगतात, कुणी चाकूचे. पुढे होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत शिकताना त्याने पोलादी कांडी घडवून घेतली आणि तिच्यावर वाजवण्याची पद्धत पक्की केली. त्याच काळातली दुसरी एक कथा आपल्याला जवळची आहे: गॅब्रिएल डेव्हिऑन नावाचा, मूळचा हिंदुस्थानातला म्हणून सांगितला जाणारा एक खलाशी १८८० च्या दशकात हवाईमध्ये तारेवर वस्तू सरकवून वाजवत असे. ती खरी असेल तर वीणेचे तत्त्व समुद्रमार्गे तिकडे गेले असण्याची शक्यता उरते. मोह पडावा अशीच ही कथा आहे, तरीही शोधाचे श्रेय मी केकुकूलाच देईन. तारेवर काहीतरी सरकवण्याची कल्पना अनेकांना सुचू शकते. जुळणी, कांडी, नख्या आणि वाजवण्याची रीत असे सगळे एकत्र बांधून ते दुसऱ्यांना शिकवता येण्याजोगे करणे हे काम त्याचे आहे.

१८९३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने राणी लिलिउओकालानी हिला पदच्युत केले गेले, १८९६ मध्ये शाळांमधून हवाईयन भाषा हद्दपार झाली आणि १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत विलीन झाली. राज्य गेले, शाळेतली भाषा गेली, आणि त्याच वर्षांत संगीत मात्र बाहेर निघाले. केकुकू १९०४ मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला, पुढे युरोपात फिरला, आणि १९३२ मध्ये न्यू जर्सीत वारला. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात हवाईच्या दालनात रोज वाजणाऱ्या संगीताने अमेरिकेला वेड लावले, आणि हवाईयन तबकड्या प्रचंड खपू लागल्या. पर्यटन आणि रंगमंच या दोन धंद्यांनी शेकडो हवाईयन वादकांना जहाजावर चढवले. घरी मळ्यांवरची मजुरी आणि बाहेर टाळ्या, अशी ती निवड होती.

ताउ मोए यांचे बालपण या लाटेच्या ऐन भरात गेले. जन्म सामोआचा, पण ते लहान असतानाच कुटुंब लाइए येथे येऊन राहिले, म्हणजे केकुकूच्याच गावी. लाइए ही मॉर्मन पंथीयांची वसाहत. १९१९ मध्ये तिथे त्यांचे मंदिर पुरे झाले आणि प्रशांत महासागरातल्या अनेक बेटांवरचे अनुयायी त्याच्या आसऱ्याला येऊ लागले. सामोआ, टोंगा, हवाई, न्यूझीलंडचे माओरी असे वेगवेगळ्या भाषांचे लोक एका गावात, एका प्रार्थनेत गाणारे. ताउ यांच्या संगीतातला पहिला संस्कार हा सामूहिक गायनाचा आहे. सामोआच्या गाण्यात अनेक आवाजांची भरदार हार्मनी असते, आणि स्तोत्रांमध्येही तीच. त्यांच्या स्टीलवादनात एकट्या सुरावटीपेक्षा दोन-तीन तारांवर जोडीने चालणारे स्वर जास्त ऐकू येतात, त्याचे मूळ मला इथे दिसते.

दुसरा संस्कार होनोलुलूच्या वादकांचा. त्या शहरातले एम. के. मोके हे १९२० च्या दशकातले अत्यंत नाणावलेले स्टील गिटारवादक होते, आणि ताउ यांनी त्यांच्याकडून शिकून घेतल्याचे सांगितले जाते. मोके यांच्या १९२८ च्या सुमारास ध्वनिमुद्रित झालेल्या तबकड्या ऐकल्या तर त्या पिढीची लकब कळते: वेगवान, स्पष्ट, नाचाच्या ठेक्याला धरून चालणारे वादन, मध्येच अमेरिकन रॅगटाइमची झाक, आणि मग एखादा लांब सरकता स्वर, जो अचानक गाण्याचा वेग थांबवल्यासारखा वाटतो. आज हवाईयन गिटार म्हटले की डोळे मिटून ऐकायचे संथ, गोड संगीत असा समज आहे. तो समज नंतरच्या हॉटेल-संगीताने रूढ केला. मूळ वादन चपळ होते.

तिसरा संस्कार त्यांच्या पत्नी रोझ यांचा, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. रोझ हवाईच्या मोठ्या बेटावरच्या. दोघांचे वय एकच, कार्यक्रमांतली ओळख, आणि मग लग्न. हवाईच्या गायनात छातीच्या आवाजातून एकदम वरच्या पातळ आवाजात जाण्याची एक रीत आहे. आपल्याकडे आवाज फुटला तर गवई तो झाकतो. तिथे आवाज बदलण्याचा तो क्षण मुद्दाम ऐकू येईल असा ठेवतात आणि त्यालाच सौंदर्य मानतात. स्टील गिटारवरची वर झेपावणारी मींड हा त्याच क्षणाचा तारेवरचा अवतार आहे. ताउ आयुष्यभर ज्या आवाजाला साथ करत राहिले, तो रोझ यांचा होता. कित्येक ध्वनिमुद्रणांत गायिका जिथे स्वर सोडते तिथूनच गिटार तो उचलते, आणि जोड कुठे आहे ते सापडत नाही. इतकी साथ फक्त तालमीने येत नाही.

१९२० च्या दशकाच्या शेवटी क्लोद रिव्हिएर नावाच्या एका फ्रेंच बाईंनी हवाईयन कलाकारांचा संच बांधून आशियाच्या दौऱ्यावर न्यायचे ठरवले. त्यात ताउ, त्यांचे काका आणि रोझ होते. १९२८ मध्ये निघालेला हा संच जपान, चीन, फिलिपिन्स, आग्नेय आशिया आणि हिंदुस्थान असा फिरत राहिला. १९२९ मध्ये टोकियोत त्यांनी काही गाणी ध्वनिमुद्रित केली. विशीतल्या वादकांची ती मुद्रणे आहेत आणि तरीही हवाईयन संगीताच्या जाणकारांनी पुढे ती जपून ठेवली, इतकी त्यांत ताकद आहे. त्याच सुमारास जपानमध्ये ताउ आणि रोझ यांचा मुलगा लानी जन्मला. तीसच्या दशकाच्या मध्यास त्यांनी रिव्हिएर यांचा संच सोडला आणि आई, बाप आणि मुलगा असा आपला स्वतंत्र संच काढला. लानी चालता-बोलता झाला तसा रंगमंचावरही नाचू आणि गाऊ लागला. मध्यपूर्व करून ते युरोपात पोहोचले. तिसच्या दशकाच्या अखेरीस ते जर्मनीत कार्यक्रम करत होते, आणि नाझी राजवटीतून सुटू पाहणाऱ्या काही ज्यू ओळखीच्यांना आपण बाहेर पडायला मदत केल्याचे कुटुंबाने नंतरच्या आयुष्यात सांगितले. युद्धाची झळ लागल्यावर ते पूर्वेकडे वळले आणि १९४१ च्या सुमारास हिंदुस्थानात आले.

कोलकाता तेव्हा युद्धाच्या पिछाडीचे शहर होते. ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकांनी हॉटेले भरलेली, चौरंगीवरच्या ग्रँड हॉटेलात रोज रात्री वाद्यवृंद, आणि त्याच शहराच्या रस्त्यांवर १९४३ मध्ये दुष्काळाने खेड्यांतून आलेले लोक मरत होते. मोए कुटुंब १९४७ पर्यंत या काळात इथे होते. त्यांची मुलगी डोरियन इथल्याच मुक्कामात जन्मली. हॉटेलांत कार्यक्रम, ध्वनिमुद्रण आणि शिकवण्या असे त्यांचे काम चाले. हवाईयन संगीत शहराला अगदी नवे नव्हते. आधीचे दौरे येऊन गेले होते, तबकड्या आल्या होत्या, आणि गार्नी निस यांच्यासारखे कोलकात्याचे वादक आपला ‘अलोहा बॉइज’ हा संच घेऊन रेडिओवर वाजवत होते. पण तबकडी ऐकून शिकणे आणि कांडी धरलेला हात समोर पाहून शिकणे यांत फार अंतर आहे. कांडीमागची बोटे तारेवर कशी टेकतात, तळहाताने घंटानाद कसा काढतात, हे तबकडी सांगत नाही. निस आणि त्यांच्याबरोबरच्या वादकांना ते ताउ यांच्याकडून मिळाले.

यानंतर जे झाले ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत लक्षणीय वाटते. बंगालमध्ये हे वाद्य घराघरांत शिरले. सुजित नाथ यांनी त्यावर रवींद्रनाथांची गाणी वाजवली, नझरुल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध यांनी वडिलांची, आणि सुनील गांगुली यांनी चित्रपटातली. मुंबईत व्हॅन शिप्ली यांनी विजेवर चालणाऱ्या गिटारवर चित्रपटगीते वाजवून त्यांच्या तबकड्या काढल्या आणि त्या मराठी घरांतही पोहोचल्या. याच काळात आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातलेली होती. १९४० ते १९७१ अशी ती टिकली, आणि तिच्यामागच्या आक्षेपांतला एक असा होता की हार्मोनियममधून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत. हार्मोनियमइतकीच परदेशी असलेली स्टील गिटार या कसोटीला बिनतक्रार उतरत होती. ती आपल्याकडे इतक्या लवकर आपली का वाटली, याचे उत्तर यात आहे.

पण रागसंगीतासाठी ती आहे तशी चालणारी नव्हती. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा यांना हे वाद्य कोलकात्यात भेटले. ते अली अकबर खाँ यांचे शिष्य झाले आणि त्यांनी गिटार रागाला जुंपली. आता वर सांगितलेली कॉर्डची जुळणी आठवावी. रागाला तीन-चार स्वर एकदम वाजायला नको आहेत; त्याला हवा एक स्वर, त्याच्याभोवती षड्ज-पंचमाचा अखंड आधार, आणि आलापात दीर्घकाळ टिकणारा नाद. म्हणून मुख्य तारा मोजक्या उरल्या, प सा ग प ऐवजी षड्ज, पंचम, मध्यम यांच्या जुळणी आल्या, बाजूला चिकारीच्या, म्हणजे षड्जाचा झणकार देणाऱ्या, तारा बसल्या. तिरकी कांडी निरुपयोगी ठरली, घंटानाद मागे पडला. उलट कांडीचे एका तारेवरून लांबवर सरकणे, जे हवाईमध्ये अलंकारासारखे अधूनमधून येई, ते वादनाचा कणा झाले. १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर काब्रा यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी केली, तेव्हा लाखो श्रोत्यांनी गिटार भारतीय वाद्य म्हणून ऐकली. पुढे जयपूरच्या विश्वमोहन भट्ट यांनी तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप घुमणाऱ्या, तारा जोडून मोहनवीणा घडवली आणि १९९४ मध्ये राय कूडर यांच्याबरोबरच्या ध्वनिमुद्रणासाठी ग्रॅमी मिळवले. कोलकात्याचे देबाशिष भट्टाचार्य हे काब्रा यांचे शिष्य. त्यांनी चतुरंगीसह आपली स्वतंत्र वाद्ये तयार केली.

इकडे मोए कुटुंब १९४७ नंतर पुन्हा युरोप आणि मध्यपूर्वेत फिरत राहिले आणि बरीच वर्षे ब्रुसेल्समध्ये राहिले. या काळात खुद्द हवाईमध्ये स्टील गिटार बदलत गेली. १९२७ मध्ये कॅलिफोर्नियात धातूच्या गिटारी निघाल्या, ज्यांच्या पोटात ॲल्युमिनियमचे पातळ शंकू बसवलेले असत आणि त्यामुळे आवाज मोठा होई. तीसच्या दशकाच्या सुरुवातीला विजेवर चालणारी गिटार बाजारात आली. आजच्या सगळ्या इलेक्ट्रिक गिटारींची ही पूर्वज मांडीवर ठेवून वाजवायची, हवाईयन धाटणीचीच होती. विजेमुळे स्वर लांब टिकू लागला, मग जलद बोटकामाची गरज कमी झाली. जॅझचे गुंतागुंतीचे कॉर्ड वाजवता यावेत म्हणून जुळण्याही बदलल्या. हॉटेलांतले संगीत संथ आणि मऊ होत गेले. सत्तरच्या दशकात हवाईमध्ये भाषा आणि परंपरा यांचे मोठे पुनरुज्जीवन झाले, पण त्यात तरुणांचा ओढा सैल तारांच्या बोटांनी वाजवायच्या गिटारकडे जास्त होता. स्टील गिटार काही काळ पर्यटकांची वस्तू मानली गेली.

ताउ आणि रोझ कायमचे लाइएला परतले तेव्हा सत्तरी गाठलेले होते. या सर्व बदलांच्या काळात ते बेटांवर नव्हते. रंगमंचावर त्यांनी प्रेक्षकांना हवी ती देशोदेशीची गाणी वाजवली असतील, परंतु हवाईची गाणी त्यांच्याकडे होती ती १९२० च्या दशकात शिकलेली, आणि ती दुरुस्त करायला किंवा नव्या फॅशनला जुळवून घ्यायला आसपास दुसरे हवाईयन वादक नव्हते. परदेशात राहिलेल्या माणसांची भाषा जुनी राहते तशी त्यांची शैली जुनी राहिली.

ऐंशीच्या दशकात अमेरिकन गिटारवादक बॉब ब्रोझमन यांना हवाईहून एक पत्र आले. पाठवणाऱ्याला त्यांची तबकडी मागवायची होती. ब्रोझमन जुन्या हवाईयन तबकड्यांचे संग्राहक होते, आणि १९२९ ची टोकियोतली मुद्रणे त्यांना ठाऊक होती. पत्राखालचे नाव वाचून त्यांच्या लक्षात आले की त्या मुद्रणांतला वादक जिवंत आहे आणि आपल्याला पत्र लिहितो आहे. ते लाइएला गेले. ताउ, रोझ, लानी आणि डोरियन यांच्याबरोबर त्यांनी ती तरुणपणीची गाणी पुन्हा मुद्रित केली, आणि १९८९ मध्ये ‘रिमेम्बरिंग द साँग्ज ऑफ अवर यूथ’ ही तबकडी निघाली. ऐंशी वर्षांच्या रोझ यांचा आवाज त्यात वयाने जाड झालेला आहे, पण छातीच्या आवाजातून वरच्या आवाजात जाण्याचा तो क्षण अजून तसाच स्वच्छ आहे. रोझ १९९८ मध्ये वारल्या, लानी २००२ मध्ये, आणि ताउ २००४ मध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी.

ब्रोझमन पुढे कोलकात्याशीही जोडले गेले. २००३ मध्ये देबाशिष भट्टाचार्य यांच्याबरोबर त्यांची ‘महिमा’ ही ध्वनिफीत आली. लाइएमध्ये ताउ यांच्याशेजारी बसून शिकलेला वादक आणि कोलकात्यात त्याच वाद्यावर राग शिकलेला वादक असे दोघे एकत्र बसले. २०१७ मध्ये भट्टाचार्य यांनी ताउ मोए यांना वाहिलेला ‘हवाई टू कलकत्ता’ हा स्वतंत्र अल्बम काढला. एका रागवादकाने आपले ऋण इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या परंपरेतल्या कलाकाराकडे नेऊन पोहोचवल्याची उदाहरणे थोडी आहेत.

ज्यांना हे प्रत्यक्ष ऐकायचे आहे त्यांनी क्रम असा ठेवावा. आधी १९८९ च्या तबकडीतले एखादे जलद गाणे घ्यावे आणि शब्दांकडे लक्ष न देता कांडी षड्जावरून मध्यमावर आणि पंचमावर केव्हा जाते एवढेच ओळखावे. दोन-तीन वेळा ऐकल्यावर ते सहज जमते. मग त्याच तबकडीतले संथ गाणे ऐकून रोझ यांचा आवाज कुठे संपतो आणि गिटार कुठे सुरू होते ते शोधावे. त्यानंतर काब्रा यांचा एखादा आलाप लावावा. मांडीवरची गिटार, पोलादी कांडी, बोटांतल्या नख्या, सगळे तेच आहे. कॉर्ड गेलेले आहेत, आणि सरकता स्वर तेवढा राहिला आहे.